तू माझा शिकव, मी तुझा

शाळेत नवा विषय आला की शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना एकदम कामं आठवतात. धर्मपरिचय हा विषय आला त्या दिवशीही तसंच झालं. मुख्याध्यापक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, दारात उभे राहून म्हणाले, "सातवीला आठवड्यातून एक तास. मुलांना वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून द्यायची, एकमेकांविषयी आदर वाटला पाहिजे. कोण घेतंय?"

भूगोलाचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. विज्ञानाच्या बाईंनी पेपरांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. खेळाचे सर तर शिट्टी शोधायच्या निमित्तानं टेबलाखालीच गेले. ते बघून इतिहासाच्या बाईंना हसू आलं, आणि तिथंच त्या सापडल्या.

"तुम्ही घ्या," मोठे सर म्हणाले. "इतिहास आणि धर्म, जवळचंच आहे की."

"सर, माझ्या धर्माची या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं," बाई म्हणाल्या. "मी शिकवायला उभी राहिले तर लोक म्हणतील, ही आपला माल खपवायला बसली."

"आणि मी उभी राहिले तर म्हणतील, सगळ्यांना येतं तेच शिकवते, त्यात काय मोठं!" कोपऱ्यातून आवाज आला.

हा आवाज गाण्याच्या बाईंचा. मुलांनी त्यांचं नाव मैना पाडलं होतं आणि ते इतकं चिकटलं होतं की शिपाईसुद्धा चुकून मैनाबाई म्हणून जायचा. इतिहासाच्या बाईंना मुलं फुटपट्टी म्हणत. उंच, सरळ, आणि वाकड्या ओळीला माफी नाही. या दोघी एकाच वर्षी शाळेत लागल्या होत्या. एकीचा डबा दुसरी उघडायची. बाईंच्या वडिलांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर मैना बसून राहिली होती, आणि मैनेची मुलगी पहिल्यांदा चालली ती बाईंचं बोट धरून. मैना गावातल्या बहुतेकांच्या धर्माची, तिचं घर तर त्या धर्मातलं मानाचं. बाईंचा धर्म वेगळा. पण या दोघींच्या मैत्रीत त्याचा विषय निघायचा तो चेष्टेपुरता.

"मग असं करू," मैना उठून पुढे आली. "माझा तू शिकव, तुझा मी शिकवते. आपला स्वतःचा शिकवायला लागलं की माणूस एक तर मोठेपणा सांगतो, नाहीतर संकोचतो. दुसऱ्याचा शिकवायचा म्हणजे नीट विचारून घ्यावं लागतं."

मोठ्या सरांनी डोकं खाजवलं. मग त्यांना ते आवडलं. पुढे तर इतकं आवडलं की शाळेत कोणी पाहुणा आला की ते ही कल्पना स्वतःला सुचल्यासारखी सांगू लागले. दोघी एकमेकींकडे बघून हसत आणि गप्प बसत.

तयारी मात्र दोघींनी मन लावून केली. सुट्टीच्या दिवशी सकाळी मैना बाईंच्या घरी यायची. बाई आणि त्यांची आई, दोघीच घरात. बाईंच्या धर्मात प्रार्थना मुक्यानं करतात. गाणं नाही, वाजवणं नाही, भिंतीकडे तोंड करून नुसतं बसायचं. दिवसभर गुणगुणणाऱ्या मैनेला हे जमता जमेना. आई तिला शेजारी बसवायची आणि थोड्या वेळानं डोळे न उघडताच म्हणायची, "पोरी, पाय हलतोय तुझा."

"मावशी, ताल धरला जातो हो आपोआप."

"सोड तो ताल. तुला कोणी ऐकत नाहीये, असं समज."

"आयुष्यभर लोकांनी ऐकावं म्हणून धडपडले, आणि आता हे!" मैना म्हणायची, आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसायची.

पण हळूहळू मैनेचा पाय हलायचा थांबला. आई तिला असं काही सांगू लागली जे बाहेरच्या कोणाला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या लहानपणी त्यांच्या लोकांना प्रार्थनेसाठी कोणी जागा देत नव्हतं, म्हणून सगळे एका धान्याच्या कोठारात पोत्यांकडे तोंड करून कसे बसत. लग्नानंतर तिला बराच काळ प्रार्थनेत काहीच का वाटेनासं झालं होतं, आणि ते परत कसं आलं. हे बाईंनीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. त्या भाजी निवडता निवडता थांबून ऐकत राहायच्या, आणि आपल्या आईनं हे आपल्याला सोडून मैत्रिणीला सांगावं याचं त्यांना थोडं वाईट आणि पुष्कळ बरं वाटायचं. मैना गेली की आई म्हणायची, "ही माझी धाकटी."

बाईंची शिकवणी मैनेच्या सासरी. तिथं गुरू म्हणजे मैनेच्या सासूबाई. प्रार्थनामंदिराच्या महिला मंडळाच्या त्या प्रमुख, आणि घरातल्याही. त्यांच्या धर्मात सगळं गाऊन म्हणायचं, आणि बाईंचा आवाज म्हणजे वंगण न घातलेलं फाटक. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "शब्द तरी सरळ म्हणा. चाल राहू दे." तरी बाईंनी सगळी पदं पाठ केली, कोणत्या वेळी उभं राहायचं, कोणत्या वेळी मान झुकवायची, सगळं विचारून घेतलं. सासूबाई कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या, पण एकदा सुनेला बाईंच्या देखत म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा हिला जास्त येतं."

त्याच दिवशी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना मैनेनं ती गोष्ट सांगितली.

त्यांच्या प्रार्थनामंदिरात एक आतली खोली होती. तिथं फक्त पुरुषांनी जायचं. बायकांनी दाराबाहेर थांबायचं, हा फार जुना नियम. मैनेचं माहेरही याच गावातलं, आणि लहान असताना या नियमानं ती फार रडायची. भाऊ आत जायचा आणि बाहेर येऊन मोठा असल्यासारखा चालायचा. एका दुपारी मंदिरात कोणी नसताना ती गुपचूप आत गेली.

"काय होतं आत?" बाईंनी विचारलं.

"काही नाही गं! एक दिवा, एक चटई. आणि कोपऱ्यात केरसुणी, अगदी आपल्या घरात असते तशी." मैनेनं चादरीचं एक टोक बाईंच्या हातात दिलं. "मी केवढं काय काय मनात आणलं होतं. सोनं असेल, रत्नं असतील. पण ती खोली बघून मला इतकं बरं वाटलं, सांगते तुला. वाटलं, देव असल्या साध्या खोलीत राहतो, म्हणजे त्याच्याशी आपलं जमेल. त्या दिवसापासून माझी श्रद्धा पक्की झाली बघ. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही हे कधी."

"हे मुलांना सांगण्यासारखं आहे," बाई म्हणाल्या.

"सांग की. खुशाल सांग. फक्त माझं नाव नको घेऊस. सासूबाईंच्या कानावर गेलं तर मला या गच्चीवरूनच खाली टाकतील."

"नाव नाही घेणार. शब्द देते."

दोघींनी मिळून चादरीची घडी घातली आणि खाली आल्या.

तास सुरू झाले ते फार छान चालले. मैना बाईंच्या लोकांविषयी शिकवायची आणि एरवी एक क्षण गप्प न बसणारी मुलं तिच्या सांगण्यावरून भिंतीकडे तोंड करून खरंच बसायची. बाई मैनेच्या धर्मातली पदं फळ्यावर लिहायच्या आणि मुलंच त्यांना चाल शिकवायची. सगळा वर्ग हसायचा, बाईही हसायच्या. फुटपट्टी हसते, ही बातमी शाळाभर झाली.

आतल्या खोलीचा प्रश्न येणारच होता. पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीनं तो विचारला. ती मैनेच्याच धर्माची. "बाई, आम्हाला आत का जाता येत नाही?"

बाईंनी आधी नियम काय आहे आणि मंदिरातले जाणते लोक त्याचं कारण काय सांगतात ते सासूबाईंच्या शब्दांत जसंच्या तसं सांगितलं. मुलगी तशीच बघत राहिली. तिचं समाधान झालं नव्हतं. मग बाई म्हणाल्या, "मला एक गोष्ट माहीत आहे. तुझ्याएवढ्याच एका मुलीची." आणि त्यांनी ती सांगितली, दिवा, चटई, केरसुणी आणि त्या मुलीला वाटलेलं सगळं. चष्मेवालीनं विचारलं, "ती मुलगी अजून प्रार्थना करते?"

"रोज. आणि फार सुंदर आवाजात."

मुलगी गालातल्या गालात हसली. त्या दिवशी बाई घरी जाताना रस्त्यात एकट्याच पुटपुटत होत्या, त्या मैनेच्या धर्मातलं पद म्हणत होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा तास झाला नव्हता.

आठवडा उलटायच्या आत गोष्ट गावात पसरली, पण तिखटमीठ लागून. दिवा गळाला, चटई गळाली, मुलीची श्रद्धा तर साफ गळाली. उरली ती केरसुणी. "आमच्या आतल्या खोलीत केरकचरा असतो म्हणे, असं शिकवतात शाळेत!" किराणा दुकानात बाईंच्या पुढे उभ्या असलेल्या बाईनं हे दुकानदाराला सांगितलं, मागे वळून पाहिलं, आणि ओळखीचं हसू अर्ध्यावरच गिळलं. दुसऱ्या दिवशी पालक समितीचे अध्यक्ष मोठ्या सरांकडे येऊन बसले. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं, शाळेची निम्मी बाकं त्यांच्याकडची. ते मोठ्यानं बोलले नाहीत, पण त्यांनी चहाही घेतला नाही. तेव्हाच मोठे सर समजून गेले.

सभा ठरली. बाई त्या तासात आपण नेमकं काय बोललो ते वहीत लिहून काढायला लागल्या. मैना मात्र धीराची होती. "अगं, घाबरतेस काय? मी आहे ना. मी उठून सांगते, ही माझीच गोष्ट आहे. मी आत गेले होते, मी बघितलं, आणि मीच तिला सांगायला सांगितलं. संपलं!"

"आणि सासूबाई?"

"दोन दिवस जेवणार नाहीत. मग जेवतील." मैनेनं बाईंचा हात दाबला. "तू नाव नाही घेतलंस तरी मी घेणार. बघच."

सभा शाळेच्या सभागृहात भरली. एरवी पालकसभेला चार डोकी जमत, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. पुढच्या रांगेत, अगदी मधोमध, सासूबाई बसल्या होत्या. महिला मंडळ त्यांच्या दोन्ही बाजूंना. मैना शिक्षकांच्या रांगेत बाईंच्या शेजारी होती. सासूबाई आत येताना दिसल्या तशी ती पाण्याची बाटली उघडून बंद करायला लागली.

फर्निचरवाले उभे राहिले. "बाई, एकच विचारतो. आमच्या आतल्या खोलीत तुम्ही कधी गेलात का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग तिथं काय आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाईंनी मैनेकडे पाहिलं. आता ती उठणार. मैना बाटलीच्या झाकणाकडे बघत होती. बाईंना वाटलं, शब्द जुळवतेय. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. मोठ्या सरांनी घसा खाकरला आणि तेच मदतीला धावले. "या तासाची तयारी या दोघी मिळून करतात. गाण्याच्या बाई, तुम्हीच सांगा. तुम्ही यांना असं काही सांगितलं होतं का?"

मैना उठली. तिनं पहिल्यांदा सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई नेहमीसारख्याच बसल्या होत्या, हात मांडीवर, चेहऱ्यावर काही नाही.

"मी त्यांना पदं लिहून दिली," मैना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "प्रार्थनेच्या वेळा सांगितल्या. ही गोष्ट त्यांनी कुठून आणली, मला माहीत नाही."

बाईंना सगळ्यात आधी ऐकू आलं ते 'त्यांनी'. इतक्या वर्षांत मैनेनं त्यांना कधी अहो-जाहो केलं नव्हतं. बाकीचं वाक्य मागून आलं. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होतं ते बाईंना कळलं. काहीही हललं नव्हतं, खुर्ची तिथंच, माणसं तिथंच, आणि तरी धरायला काही राहिलं नव्हतं.

"मग?" फर्निचरवाले बाईंकडे वळले. "कोणी सांगितली?"

एका शब्दाचं काम होतं. ते नाव शेजारीच उभं होतं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. बाईंच्या जिभेवर आलंही. पण त्यांनी शब्द दिला होता, आणि आपण शब्द मोडणाऱ्यांतल्या नाही एवढंच त्या क्षणी त्यांच्यापाशी शिल्लक होतं.

"मी ऐकलेली गोष्ट सांगितली," त्या म्हणाल्या. "कोणाकडून ऐकली ते सांगणार नाही. आणि तुमच्या धर्माला कमीपणा येईल असं तिच्यात काही नाही. मुलांना विचारा."

"मुलांना काय विचारायचं? रचलेली आहे म्हणा ना सरळ!" मागून कोणीतरी ओरडलं. महिला मंडळातली एक बाई म्हणाली, "यांना आमच्या घरात बसवून शिकवलं, आणि त्याचे हे पांग फेडले." त्यावर सासूबाईंनी फक्त मान हलवली. बाईंना त्या आरड्याओरड्यापेक्षा ती हललेली मान लागली.

माफी मागायला बाई तयार झाल्या नाहीत. मग त्यांच्या वतीनं मोठ्या सरांनी मागून टाकली, चांगली लांबलचक. ती ऐकत मैना खाली बसली होती. तिचा खांदा बाईंच्या खांद्याला लागत होता. तिनं तो बाजूला घेतला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई गाण्याच्या खोलीत गेल्या. मैना बासऱ्या पुसून कपाटात ठेवत होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"का?" बाईंनी विचारलं.

"मी उठले होते ना, तुझी शपथ, सांगायलाच उठले होते. पण त्या समोर बसल्या होत्या गं. सगळं मंडळ घेऊन. मला एकदम दिसलं, घरी गेल्यावर काय होईल ते. माझी मुलगी लग्नाची होईल उद्या. लोक म्हणतील, हिची आई..." तिनं बासरी खाली ठेवली. "तुला नाही कळणार."

"मला कळावं म्हणून तर तू विचारून घेऊन शिकव म्हणाली होतीस."

"असं तिरकं बोलू नकोस. तूच विचार कर ना. माझं सगळं गेलं असतं. घर, सासर, मंदिर. तुझं काय गेलं? ते लोक तुला तसंही बाहेरचीच समजतात. त्यांचं तुझ्याविषयी मत होतंच, ते जरा पक्कं झालं, एवढंच."

हे बोलून झाल्यावर मैनेच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. तिनं तोंडावर हात ठेवला. पण बाईंनी ऐकलं होतं. सभेत मैना घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला एक वेळ समजून घेता येतं. हे मात्र तिनं शांतपणे, बासऱ्या पुसता पुसता तोलून पाहिलेलं होतं. एका पारड्यात ती, एका पारड्यात बाई. आणि बाईंचं पारडं तिला हलकं वाटलं होतं, कारण गावालाही ते हलकंच वाटत होतं. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या मैनेच्या डोक्यातही हा हिशेब कुठेतरी होताच का, हा विचार बाईंना आला आणि मग तो काही केल्या जाईना.

"बरं," त्या म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

घरी आई रोज विचारायची. "मैना आली नाही या वेळी?"

"तिला काम आहे."

"आजारी तर नाही ना? जाऊन बघून ये."

काही दिवस बाईंनी निभावून नेलं. मग आईनंच एका संध्याकाळी त्यांना समोर बसवलं. "मला कानानं कमी ऐकू येतं, डोळ्यांनी नाही. काय झालंय?"

बाईंनी सांगितलं. बाईंना वाटलं, आता आई चिडेल, निदान मैनेला दोन शब्द बोलेल. आई म्हणाली, "मी तिला सगळं सांगितलं गं. कोठाराचं. माझं मन उडालं होतं त्याचं. तुलाही नाही सांगितलं ते." तिनं पदर घट्ट ओढून घेतला, जणू कोणी तिला उघडं पाहिलं होतं. "ती आता त्याचं काय करेल?"

बाई उठून दिवा लावायला गेल्या.

मोठ्या सरांनी तोडगा काढला. धर्मपरिचय पूर्ण मैनेकडे. दोन्ही धर्म तिनंच शिकवायचे. "तुम्हालाही जरा मोकळीक," ते बाईंना म्हणाले, नजर चुकवून. "आणि गाण्याच्या बाईंवर लोकांचा विश्वास आहे." बाईंनी मान हलवली. त्या इतिहास शिकवत राहिल्या. सातवीच्या वर्गात गेल्या की चष्मेवाली मुलगी त्यांच्याकडे बघायची आणि बाई फळ्याकडे वळायच्या. एकदा तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "बाई, ती गोष्ट खोटी होती?"

"नाही."

"मग सगळे खोटी का म्हणतात?"

"ज्यांना खरी आहे हे माहीत आहे, ते बोलत नाहीत म्हणून," बाई म्हणाल्या. मुलीनं थोडा वेळ वाट पाहिली. बाईंनी फळा पुसायला घेतला.

एक दिवस बाई वऱ्हांड्यातून जात होत्या आणि आतून मैनेचा आवाज आला. ती बाईंचा धर्म शिकवत होती. बाई थबकल्या. चोरून ऐकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. खरं सांगायचं तर त्या चूक शोधत होत्या. एखादा शब्द इकडचा तिकडे, एखादी थट्टा, एखादं नाक मुरडणं. एवढं सापडलं असतं तरी त्यांना पुरलं असतं.

चूक नव्हती. मैना फार सुंदर शिकवत होती. आईचं स्वतःचं असं काही तिनं वर्गात आणलं नव्हतं, पण आईकडे बसून बसून जे मुरलं होतं ते प्रत्येक वाक्यात होतं. मुक्यानं बसण्यात काय असतं ते ती मुलांना सांगत होती, आणि सांगताना मधेच थांबत होती, जसं आई थांबायची. कोणी तरी खिदळलं तेव्हा ती रागावली नाही. म्हणाली, "हस तू. मीही हसले होते. मग कळलं." इतका आदर खुद्द बाईंनाही आपल्या धर्माविषयी दाखवता आला नसता. त्या पदरानं डोळे पुसत तिथून निघाल्या, आणि आपण कशासाठी रडतोय हे त्यांना धड सांगता आलं नसतं.

घरी त्यांनी आईला सांगितलं. लपवून ठेवावं असं मनात आलं होतं, पण म्हातारी झुरत होती. "नीट शिकवते ती. तुझं काही बाहेर काढलं नाही तिनं."

आईचा चेहरा उजळला. "मला वाटलंच होतं! मनानं वाईट नाही ती. घाबरली बिचारी. मग बोलाव की तिला."

"नाही."

"असं काय करतेस? तिनं आपला मान राखला ना?"

"आपल्या धर्माचा राखला, आई. माझा नाही."

आईनं विषय सोडला. पण त्या दिवसापासून मायलेकींमध्येही एक बारीकसं अंतर आलं. आईला मैना हवी होती, आणि ती न मिळण्याचं खापर ती न बोलता लेकीवर फोडायची. सुट्टीच्या सकाळी दाराकडे तोंड करून बसायची. हेही मैनेनंच नेलं, असं बाईंना वाटायचं.

दोघी त्याच शाळेत होत्या. बोलणं व्हायचं. "खडू आहे का?" "परीक्षेच्या दिवशी तुमची कोणती खोली?" मैनेनं पुन्हा 'तू' म्हणायचा प्रयत्न केला, बाईंनी 'तुम्ही'नं उत्तर दिलं, आणि मग तेच राहिलं. विषय चांगला चालला. दुसऱ्या शाळांचे शिक्षक बघायला येऊ लागले. मोठे सर त्यांना कल्पना कशी सुचली ते सांगायचे. आतल्या खोलीचा प्रश्न पुढच्या वर्षीही कोणीतरी विचारलाच, आणि मैनेनं नियम काय आहे ते सांगून पुढचा धडा काढला, असं मुलांकडून बाईंच्या कानावर आलं.

मैनेची मुलगी दहावीला होती त्या वर्षी सासूबाई गेल्या. बाई भेटायला गेल्या, कोपऱ्यात थोडा वेळ बसल्या आणि कोणाशी न बोलता परतल्या. त्यानंतर काही दिवसांनी, शाळा सुटल्यावर, बाई रिकाम्या वर्गात उद्याचा नकाशा फळ्यावर काढत होत्या, तेव्हा मैना दारात येऊन उभी राहिली. केस पिकले होते तिचे. बाईंचेही पिकले होते.

"मी सांगणार आहे," मैना म्हणाली. "पुढच्या पालकसभेत. सगळ्यांसमोर. ती गोष्ट माझी होती, तू खोटं बोलली नव्हतीस, खोटं मी बोलले होते. आता मला कोणाची भीती नाही गं."

बाईंनी नदीची रेघ पुरी केली. मग वळल्या. "तेव्हाचे पालक आता नाहीत. फर्निचरवाल्यांचा मुलगा केव्हाच शाळेतून गेला. आता कोणाला सांगणार तुम्ही?"

"निदान तुझ्यासाठी."

"आता सांगण्यात तुमचं काही जात नाही. जात होतं तेव्हा मी तुमच्या शेजारी बसले होते."

मैनेचे डोळे भरून आले. ती पुढे आली, बाकाला धरून उभी राहिली. "मग मी काय करू? तू सांग. तू म्हणशील ते करते."

बाईंनी खरंच विचार केला. मैनेनं काय केलं तर बरं वाटेल हे त्यांनी मनात पुष्कळ वेळा शोधलं होतं, आणि दर वेळी हात रिकामेच राहिले होते. तिला दुखवावं असंही आता वाटत नव्हतं. ते वाटत होतं तेव्हा निदान तिच्याशी काहीतरी नातं होतं.

"आईला भेटा," शेवटी त्या म्हणाल्या. "ती वाट बघते तुमची. मी शनिवारी दुपारी घरी नसते."

मैना थोडा वेळ थांबली. तिला वाटलं असावं की पुढे काहीतरी आहे. मग तिनं मान हलवली आणि गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला. बाईंनी खडू उचलला आणि नकाशात गावांची नावं भरायला घेतली.

शनिवारी बाईंना कुठे जायचं नव्हतं. तरी त्या जेवण उरकून घराबाहेर पडल्या, दोन गल्ल्या सोडून असलेल्या वाचनालयात जाऊन बसल्या, आणि ते बंद होईपर्यंत तिथंच बसून राहिल्या.